अकरावं चित्र

ताई आली तशी खोलीतल्या सगळ्यांनी तोंडं मिटली. दातांच्या डॉक्टरीणबाई समोर असताना ते शहाणपणाचंच, पण आज कारण वेगळं होतं. दोन वर्षं आणि दोन महिने तिनं बापाच्या या कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं, तेही दाराजवळच्या खुर्चीपर्यंतच. बॅग मांडीवरच ठेवून ती बसली, म्हणजे मनात आलं की उठून चालू पडता यावं.

नाना खिडकीशी, आपल्या उतरत्या टेबलामागे बसले होते. लेक आल्याचं त्यांना पावलांवरून कळलं आणि त्यांनी मान वळवून दाराशेजारच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. ताईनं ते पाहिलं आणि ओठ आवळले. नानांच्या धाकट्या सुनेनंही ते पाहिलं. ती कोपऱ्यात ब्रश धूत होती. तिनं ब्रश बरणीत असा काही फिरवला की निळं पाणी तिच्याच बाहीवर उडालं.

"त्यांना सांग," ताई धाकट्या भावाला म्हणाली, "मी पाच मिनिटांसाठी आलेय."

"तिला सांग," नाना कॅलेंडरला म्हणाले, "चहा टाकलाय. चहालाच सात मिनिटं लागतात."

धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा आणि नानांच्या पुस्तकांच्या सुरुवातीला लागणारे नकाशे काढायचा. अस्तित्वात नसलेल्या बेटांची अंतरं तो पट्टी लावून मोजत असे. भांडणात पडणं मात्र त्याच्या नकाशात कुठंच नव्हतं. त्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि "दोघांनाही ऐकू आलंय" एवढं म्हणून तो पेन्सिलला टोक काढायला लागला.

थोरल्यानं घसा खाकरला. खालच्या मजल्यावरचा छापखाना त्याच्या ताब्यात होता, आणि छापखान्याच्या तारखा त्याच्या डोक्यात चोवीस तास ठणकत असत. उद्या सोमवार. उद्या 'वीतभर नावाडीण' मालिकेची सोळाच्या सोळा पुस्तकं एकत्र संच म्हणून छपाईला जायची होती. नानांनी ती कधीच तिन्ही मुलांच्या नावावर करून टाकली होती, त्यामुळे संचाला तिघांच्या सह्या लागत होत्या. दोन झाल्या होत्या. तिसरी दाराजवळच्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसली होती.

"ताई, तू फक्त इथं सही कर," थोरला म्हणाला.

"करते की. पंधराव्या पुस्तकातलं अकरावं चित्र काढून टाका, लगेच करते."

"तिला सांग," नाना म्हणाले, "ते चित्र माझं आहे आणि ते जागचं हलणार नाही."

धाकटीच्या हातून ब्रश बरणीत पडला. ते चित्र नानांचं नव्हतं. ते तिचं होतं.

या घरात अकराव्या चित्राला काय किंमत होती, हे बाहेरच्याला सांगून पटलं नसतं. वीतभर उंचीची एक नावाडीण, तिचं सुस्त कासव आणि शिंपल्याची होडी, एवढ्या भांडवलावर नानांनी चाळीस वर्षं पोरांना अंथरुणात जागं ठेवलं होतं. प्रत्येक पुस्तकात चौदा रंगीत चित्रं. त्यातलं अकरावं नेहमी दुष्टाचं. राक्षस, चेटकीण, समुद्रातला सर्प, काय असेल ते. आणि त्या दुष्टाला चेहरा लागायचा तो नानांच्या नात्यातल्या माणसाचा. त्या वर्षी ज्याच्याशी नानांचं वाजलं असेल, तो अकराव्यात. थोरला नऊ वर्षांचा असताना परीक्षेचा निकाल लपवून बेडकांचा राजा झाला होता. धाकट्यानं लग्न ठरल्याचं घरी सगळ्यात शेवटी सांगितलं, तर तो मुका दगडी दैत्य झाला, आणि गंमत म्हणजे ते त्याला आवडलंही. पुस्तकाच्या पहिल्या प्रती वर आल्या की घरात कुणी पहिलं पान उघडत नसे. सगळ्यांची बोटं थेट अकराव्या चित्रावर. "जास्त बोललास तर अकराव्यात जाशील" ही या घरातली धमकी होती, आणि एखाद्या वर्षी आपण नसलो की आपल्याला मोजतच नाहीत की काय, अशी चुटपुटही लागायची.

पंधराव्यात ताई होती. दलदलीतली दातचोर चेटकीण. खलाशी झोपले की त्यांचे दात उपटायची आणि बरण्यांत भरून वर चिठ्ठ्या लावायची. हातात इवलासा गोल आरसा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची ती नजर, शंभर टक्के ताईची. पुस्तक निघालं आणि आठवड्याभरात ताईच्या दवाखान्यात पहिला पोरगा किंचाळला. मग दुसरा. तिसरीनं तर आईच्या पदराआड तोंड लपवून "मला माझे दात हवेत" असा जो गळा काढला, तो रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात ऐकू गेला. ताई त्याच संध्याकाळी नानांकडे आली, तासभर भांडली, आणि जाताना म्हणाली, "आता यायची नाही." ती शब्दाची पक्की निघाली.

"चहा बघते," धाकटी म्हणाली आणि उठली.

स्वयंपाकघरात आई, म्हणजे तिच्या सासूबाई, कप मांडत होत्या. धाकटीनं दार लोटून घेतलं.

"आई, मी आता सांगून टाकते."

"काय सांगतेस?"

"तुम्हाला माहितीये काय ते."

"मला काही माहीत नाही. गेली चार वर्षं मला काहीच माहीत नाही, आणि माझं छान चाललंय," आई म्हणाल्या. "तो साखरेचा डबा दे."

चार वर्षांपूर्वी याच ओट्यावर हे सगळं सुरू झालं होतं. तेराव्या पुस्तकाचं एक चित्र आईंनी पदराखाली झाकून आणलं होतं. त्यात समुद्र गुलाबी होता आणि नावाडिणीचे केस हिरवे. "हे जरा नीट कर, आणि कुणाला बोलू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. धाकटीनं दुपारभर बसून ते नीट केलं. दुसऱ्या दिवशी नानांनी त्या कागदावरून अंगठा फिरवला. त्यांचा हात हलका, कागदावर कधी वळ न उठवणारा. धाकटी निब दाबून चालवते. अंगठा एका ठिकाणी थांबला, आणि नाना म्हणाले, "उद्यापासून सकाळी सातला येत जा. आणि ब्रश धुतेस असं सांग." तेव्हापासून ती ब्रश धूत होती. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. गोष्ट नाना सांगत, टेबलाशी ती बसे, आणि खाली सही मात्र नाना ठोकत. सही त्यांना डोळे मिटूनही येत होती. अकराव्यात कोण जाणार, हे ठरवणं पहिल्यांदा नानांकडे होतं. पंधराव्याच्या वेळी ते म्हणाले, "या वर्षी माझं कुणाशीच वाजलेलं नाही. तुझं वाजलंय का कुणाशी?"

तिचं वाजलं होतं. म्हणजे वाजलं कसलं, तिला बोलताच आलं नव्हतं. दातांसाठी ती लग्नापासून ताईकडेच जायची. त्या दिवशी रूट कॅनालसाठी ती ताईच्या खुर्चीत आडवी होती. तोंडात कापूस, नळी आणि ताईची दोन बोटं. ताई यंत्र चालवता चालवता म्हणाली, "नानांचे ब्रश धुतेस म्हणे. बरं आहे. प्रत्येकाला काही चित्र काढता येत नाही." यावर धाकटीला फक्त "आँ" म्हणता आलं. तासभर ती भिंतीवरच्या, एव्हाना पाठ झालेल्या दातांच्या तक्त्याकडे बघत पडून राहिली, आणि घरी आल्यावर गालावरची सूज उतरायच्या आत चेटकीण काढून मोकळी झाली. आयुष्यात इतकी मजा तिला कधी आली नव्हती. त्या मजेपायी एक बाप आणि एक लेक एकमेकांना मुकतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"नानांनी दोन वर्षं माझ्या वाटची बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "आज ताई सही न करता गेल्या ना, तर परत यायच्या नाहीत. चेहऱ्यावर दिसतंय."

"आणि तू सांगितलंस तर यांचं काय राहील?" आईंनी गाळणं आपटलं. "चित्र काढता येत नाही, हे लोकांना कळण्यापेक्षा लेक रुसलेली परवडली, असं म्हणालेत ते मला. तुला काय वाटतं, मी त्यांना बोलले नसेन? पण माणूस हट्टाला पेटला की पेटला. आणि हे बघ, कळलं की सगळ्यांत आधी तुझी टेबलाशी बसायची जागा जाईल. थोरला काय म्हणेल? इतकी वर्षं फसवलं म्हणेल. दुसरा चित्रकार आणेल."

ते धाकटीचं रात्र रात्र मोजून झालं होतं. सकाळी सातची ती वेळ, ओल्या कागदाचा वास, मागून येणारा नानांचा आवाज, "आता कासवाला जांभई देऊ दे." ते गेलं तर तिच्यापाशी खरोखरच फक्त ब्रश धुणं उरणार होतं. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनं घाईनं ट्रे उचलला.

दोघी खोलीत परतल्या तेव्हा पाच मिनिटं संपत आली होती.

"मी त्यांना फक्त एक विचारते," ताई भावाला सांगत होती, आणि तिचा आवाज पहिल्यापेक्षा खाली आला होता. "मी काय केलं होतं? थोरल्यानं निकाल लपवला, तो बेडूक झाला. ठीक. माझं काय चुकलं होतं? त्या वर्षी मी एकदाही उलट बोलले नव्हते. दर रविवारी येत होते. ते त्यांनी मला एकदा सांगावं, मी चित्र राहू देते."

नाना कॅलेंडरकडे बघत राहिले.

"बघा. अजूनही तोंड फिरवूनच बसलेत." ताई उठली. बॅग खांद्याला लावली. "चहा नको, आई."

"ताई, ते चित्र मी काढलंय," धाकटी म्हणाली.

ट्रे अजून तिच्या हातातच होता. कप वाजायला लागले, म्हणून धाकट्यानं पुढे होऊन तो काढून घेतला.

"काहीतरी बोलू नकोस," थोरला म्हणाला.

"खोटं बोलतेय," नाना म्हणाले. "मनानं चांगली आहे, म्हणून स्वतःवर घेतेय. हिला साधा हत्ती काढता येत नाही."

"नाना, चौदाव्यातला हत्ती माझाच आहे."

"तो चांगला नव्हताच."

"तुम्हीच म्हणालात, मालिकेतला सगळ्यात चांगला हत्ती आहे म्हणून."

"मी कासवाबद्दल बोललो होतो," नाना म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन चहाचा कप शोधायला लागले.

थोरल्यानं दोन्ही हात वर केले. "एक मिनिट. मी या घरात प्रकाशक आहे. माझ्या नाकाखाली दुसरंच कुणी चित्रं काढतंय आणि मला पत्ता नाही, हे शक्य तरी आहे का? सोळाव्यात तर मीच आहे. तारखा गिळणारा अजगर. ते बघून मी तीन महिने नानांना तारीख विचारली नाही. नाना चिडलेत म्हणून." तो धाकटीकडे वळला. "नाना चिडले होते ना?"

"मी चिडले होते, दादा."

थोरला मटकन स्टुलावर बसला.

ताई मात्र बसली नाही. धाकटीच्या तोंडाकडे ती टक लावून बघत होती, खलाशांच्या तोंडाकडे चेटकीण बघते तशी. मग म्हणाली, "सगळी पुस्तकं आणा."

"कशाला?"

"आणा म्हटलं ना."

रुग्णाला "आ करा" म्हणताना लागतो तो आवाज होता. सोळाही पुस्तकं टेबलावर आली. ताईनं बॅगेतून छोटी बॅटरी आणि कपाळाला लावायचं भिंग काढलं. रविवारी बॅगेत हे कशाला, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. एकेका पुस्तकाचं अकरावं चित्र उघडून तिनं त्यावर बॅटरी मारली आणि राक्षसांच्या जबड्यांवरून बोट फिरवत मोजायला लागली. खोलीत श्वास सोडायलाही सगळे बिचकत होते. धाकट्यानं तेवढ्यात एक बिस्किट खाल्लं.

"हा बेडूक. याला दात का दिलेत हा प्रश्न सोडून देते. वरच्या जबड्यात दोन सुळे, मध्ये पटाशीचे सहा. हा सर्प, मध्ये सहा. हा दगडी दैत्य, सहा. बाराव्यापर्यंत सगळ्यांना सहाच." तिनं तेरावं उघडलं. "चार. चौदा, चार. ही मी, चार. आणि हा अजगर, चार." तिनं भिंग कपाळावर सरकवलं. "माणसाला दोन सुळ्यांच्या मध्ये चारच असतात. नानांनी चाळीस वर्षांत एकालाही चार दिले नाहीत. मी कॉलेजात असताना दहा वेळा सांगितलंय त्यांना. म्हणायचे, राक्षसाला सहाच शोभतात."

"शोभतातच," नाना न राहवून म्हणाले.

"माझा तक्ता बघून शिकलीस ना?" ताईनं धाकटीला विचारलं. "त्या खुर्चीत पडून."

धाकटीनं मान हलवली.

"आणि मी काहीतरी बोलले असणार."

"हो."

"काय बोलले?"

"ब्रश धुण्याबद्दल."

ताईला ते आठवलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती थोरल्याकडे वळली, मग आईंकडे. आईंनी कपातल्या सायीचं निरीक्षण चालवलं होतं. मग ताईनं धाकट्या भावाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अंदाज होता," धाकटा म्हणाला. "माझ्या बेटांवरची झाडं एकदम नीट दिसायला लागली होती. कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही."

"दगड," ताई म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं, की मुख्य गोष्ट अजून कुणी बोललंच नाहीये. इतका वेळ ती दातच मोजत होती. तिनं बॅटरी बंद केली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, मधल्या माणसाला वगळून, सरळ बापाला विचारलं.

"नाना, तुम्ही चित्रं काढणं का सोडलंत?"

आईंनी कप खाली ठेवला.

"डोळे," आई म्हणाल्या. "मधलं सगळं गेलंय. दोन ठिकाणी दाखवलं. आहे ते टिकेल म्हणाले, गेलेलं येणार नाही. यांना फक्त कडेचं दिसतं. ज्याच्याकडे सरळ बघतील, तो दिसत नाही. माणूस बघायचा असला तर त्याच्या बाजूला कुठंतरी बघावं लागतं."

दाराशेजारच्या कॅलेंडरकडे सगळ्यांत आधी थोरल्यानं पाहिलं. मग ताईनं. ते तिच्या खुर्चीपासून जेमतेम दोन हातांवर होतं.

"त्या दिवशी," ताई म्हणाली, आणि तिला मध्येच थांबावं लागलं. "त्या दिवशी मी इथं उभी राहून तासभर भांडले. तुम्ही सगळा वेळ त्या कपाटाकडे बघत होतात. मला वाटलं, यांना माझं तोंडसुद्धा बघायचं नाही. चित्राचं काही नव्हतं हो नाना. चित्राचं मी महिन्याभरात विसरले असते. तुम्ही बघितलं नाहीत, म्हणून मी आले नाही."

"बघतच होतो," नाना म्हणाले. "पिवळी ओढणी होती. बोलताना हात असा उडत होता. कपाटाकडे बघितलं की नीट दिसत होतीस."

मग ताई रडली. चार पोरांना रडवून शांतपणे दाढ उपटणारी बाई ओक्साबोक्शी रडली, आणि थोरल्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं सहीचा कागद पुढे केला. आईंनी तो त्याच्या हातून काढून घेतला. धाकटीला तिथं उभं राहावेना. दोन वर्षांच्या त्या रविवारांचा हिशेब कुणी मागितला तर आपल्याजवळ काय उत्तर आहे, असं तिच्या मनात आलं. ती हळूच दाराकडे सरकली.

"कुठं चाललीस?" ताईनं नाक पुसलं. डोळे लाल होते, पण आवाज पुन्हा दवाखान्यातला झाला होता. "ये इकडे. बस."

दाराजवळची खुर्ची तिनं ओढत आणली आणि नानांच्या खुर्चीला चिकटवून ठेवली. बॅग जमिनीवर गेली. बापलेक शेजारी शेजारी बसले, समोर धाकटी, आणि एकूण मांडणी अशी झाली की धाकटीला आपण पिंजऱ्यात उभ्या आहोत असं वाटायला लागलं.

"नाना, हिनं माझी चेटकीण केली, ती दोन वर्षं मला भोवली," ताई म्हणाली.

"मला जास्त भोवली," नाना म्हणाले. "शिव्या मी खाल्ल्या."

"त्या तुम्ही आपल्या हौसेनं खाल्ल्यात. तुम्हाला तुमची सही सोडवत नव्हती. त्याबद्दल मी तुमच्याशी वेगळी भांडणार आहे, पुढच्या रविवारी."

"ये. चहा लवकर टाकायला सांगतो."

"पण हिला सोडायचं नाही."

"छे, छे. सोडायचं कसं," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात असा काही उत्साह चढला होता, की धाकटीला आनंद व्हावा की घाम फुटावा तेच कळेना. "सतराव्याची दहा चित्रं झालीत. अकरावं रिकामं आहे."

"हिला घाला."

"सुनांना आम्ही कधी घातलं नाही," आई मध्ये पडल्या. "जावयांनाही नाही. परक्या घरातून आलेल्या माणसाला राक्षस करणं बरं दिसत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. मी चाळीस वर्षं वाट बघतेय."

"तुला अठराव्यात घेतो," नाना म्हणाले. "यंदा ही."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बिस्किट खात होता आणि मिशीत हसत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं ती प्रत्येक नव्या पुस्तकाचं अकरावं चित्र इतरांच्या खांद्यावरून बघत आली होती, आणि आपण त्यात नसणारच हे गृहीत धरून हसत आली होती. शेवटची चार तर तिनंच काढली होती, पण स्वतःला त्यात बसवावं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आपण होऊन जायची ती जागा नव्हतीच.

"आणि काढायचं कुणी?" थोरल्यानं विचारलं. त्याच्या डोक्यातल्या तारखा पुन्हा ठणकायला लागल्या होत्या. "म्हणजे, आता पुढं चित्रं काढायची कुणी?"

"हिनंच," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला चार दात येतात? आणि तेराव्यापासून पुढच्या चारही पुस्तकांवर हिचं नाव टाक."

"ताई, वेष्टनं छापून झालीत."

"मग परत छाप. नाहीतर सही विसर."

थोरल्यानं नानांकडे पाहिलं. नानांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. ते त्यांना जड जात होतं, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. "माझं नाव वर," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "शेजारी चालेल. पण माझं आधी."

"हत्ती चांगला होता की नाही?" धाकटीनं विचारलं. तिला राहवलं नाही.

"ठीक होता," नाना म्हणाले. "आता बस टेबलाशी. पेन्सिल घे. आम्ही सांगतो तसं काढायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

ती बसली. या टेबलाशी सगळ्या घरादेखत बसण्याची ही तिची पहिलीच वेळ. तिनं कागद ताणून लावला. थोरल्यानं आपलं स्टूल ओढून जवळ आणलं. बेडूक आणि अजगर दोन्ही झालेल्या माणसाला असा प्रसंग सोडवत नसतो. आई चष्मा पुसून मागे उभ्या राहिल्या.

"भुवया जाड," ताई म्हणाली.

"डावी जास्त," नाना म्हणाले. "खोटं बोलताना ती वर जाते. चार वर्षं ब्रश धुते म्हणून सांगताना सारखी वर जात होती."

"हनुवटी टोकदार."

"केस कानामागे खोवते आणि तिथंच पेन्सिल विसरते. मग घरभर शोधते. ती पेन्सिल हवी."

"चेटकीण करू की राक्षसीण?" धाकटीनं विचारलं.

"चोर," नाना म्हणाले. "दुसऱ्याचे हात चोरून नेणारी. रात्री येते, झोपलेल्या म्हाताऱ्याचे हात घेऊन जाते आणि त्यांनी चित्रं काढते." त्यांनी जरा विचार केला. "त्या म्हाताऱ्यापेक्षा चांगली काढते, म्हणून त्याचा जळफळाट होतो. हे लिहू नकोस. नुसतं चित्रात दिसू दे."

ताईनं बापाच्या हातावर हात ठेवला. धाकटीला कागद नीट दिसेना, म्हणून तिनं बाहीनं डोळे पुसले आणि निळा रंग गालाला लागला.

नाना मान वळवून खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पलीकडची भिंत होती. ते तिला बघत होते.

"आता नाक," ते म्हणाले.

तिनं नाक काढलं. काढता काढता जरासं आखूड केलं, फार नाही, सवलत म्हणून.

"लबाडी नको," नाना भिंतीकडे बघत म्हणाले.

त्यांना ते खरंच दिसलं होतं की नुसतं ओळखीनं कळलं होतं, हे तिनं विचारलं नाही. तिनं रबर घेतलं, खोडलं, आणि नाक होतं तेवढं काढलं.